तुम्ही विचारलेत म्हणून : गावभागातले घर मी का सोडत नाही

"बाई, एवढे सगळे होऊनही तुम्ही गावभागातले घर का सोडत नाही?" सांगलीतल्या, कृष्णेच्या पुरात बुडणाऱ्या माझ्या घराविषयी हा प्रश्न मला दर जुलैत विचारला जातो. पुण्याची मावसबहीण विचारते, मुलगा विचारतो, विश्रामबागेत फ्लॅट घेतलेले माझे जुने विद्यार्थी विचारतात, आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी पस्तीस फुटांवर गेले की ज्यांची माझी वर्षभर गाठ पडत नाही तेही फोन करून विचारतात. आजवर मी समोरचा माणूस पाहून उत्तर देत आले. नातेवाइकांना सवयीचे कारण सांगितले, विद्यार्थ्यांना घराच्या किमतीचे सांगितले, मुलाला तर उत्तरच दिले नाही. सांगितले ते खोटे नव्हते, पण पुरतेही नव्हते. या वर्षी सगळे एकदा लिहून काढते.

आधी दोन आरोपांविषयी, कारण ते मनात ठेवून वाचणाऱ्याला पुढचे नीट वाचता येणार नाही. पहिला असा, की सरकारी मदत मिळते म्हणून लोक नदीकाठ सोडत नाहीत. २०१९ च्या पुरानंतर शहरी भागात एका कुटुंबाला १५ हजार रुपये सानुग्रह अनुदान मिळाले. त्यांतले ५ हजार रोख, उरलेले बँकेच्या खात्यात. ज्याने गाद्या, धान्याचे डबे, फुगलेली कपाटे आणि मुलांची पुस्तके एकत्र ओढत नेऊन रस्त्यावर टाकली आहेत, त्याला या रकमेत काय येते आणि काय येत नाही हे ठाऊक आहे. हा आरोप मी एकदा लग्नाच्या पंगतीत ऐकला आणि पानावरून उठले. आजही तो ऐकला की माझा आवाज चढतो, आणि तो चढू नये असे मला वाटतही नाही.

दुसरा आरोप, आम्ही नदीच्या पात्रात घरे बांधली. गावभाग हे मूळ गाव आहे. सांगली वाढली ती त्याच्याभोवती. कृष्णा फुगली की पाणी आधी सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या सखल वस्त्यांत शिरते आणि आमच्याकडे त्यानंतर येते. तिथे राहणाऱ्यांनाही मी नावे ठेवणार नाही. शहरात हक्काचे छप्पर हवे आणि गाठीला पैसा थोडा, अशा माणसाने शेताचे पाडलेले एक-दोन गुंठे विकत घेतले, यात त्याचा गुन्हा कोणता? २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरे कागदावर नियमित करण्याची सोय झाली, पण जमीन होती तेवढीच सखल राहिली.

इतके बोलून झाल्यावर मला कबूल केले पाहिजे की ही सगळी वकिली आहे. मी तीस वर्षे भूगोल शिकवला, त्यामुळे अशी वकिली मला चांगली जमते, आणि तिच्या आड बसणेही जमते.

सांगलीचा पूर डोंगरातल्या लोंढ्यासारखा अंगावर येत नाही. तो चढत येतो. कोयनेच्या पाणलोटात, नवजाला आणि महाबळेश्वरला किती मिलिमीटर झाला, १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) धरणात किती साठा आहे, दरवाजे किती फुटांवर आहेत, कऱ्हाडला पाणी किती, ताकारीला किती, भिलवडीला किती, असे आकडे एकामागून एक येत राहतात आणि शेवटी आयर्विनचा आकडा हलतो. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी. खाली हरिपूरला वारणा भरून आलेली असली की कृष्णेला पुढे सरकायला वाट राहत नाही आणि पाणी तुंबून मागे फुगते. वर्गात मी हे फळ्यावर काढून दाखवत असे. त्यामुळे आमच्या बोळात पावसाळ्यात एक रीत पडली होती : आकडा वर्तमानपत्रातून कळायचा, पण त्याचा अर्थ बाईंना विचारायचा. सामान हलवायचे का, आज हलवायचे की उद्या, गाडी उंचावर नेऊन लावायची का, हे विचारायला लोक आमच्या उंबऱ्यापर्यंत येत. मला ते आवडत असे. खरे सांगायचे तर फार आवडत असे.

आमच्या घरात जिन्याखालच्या भिंतीवर एक तांबडी रेघ आहे. २००५ च्या पुरात पाणी जिथपर्यंत चढले तिथे माझ्या यजमानांनी ती ओढली. ते हरभट रोडला घड्याळे दुरुस्त करत. कोणतेही काम अंदाजाने करणे त्यांना सहन होत नसे. पाणी उतरल्यावर त्यांनी गवंड्याची लेव्हलची नळी आणली, चारही भिंतींवर खुणा केल्या आणि त्यांतली एक तैलरंगाने कायम केली. शेजारी बारीक अक्षरात २००५ लिहिले. त्या वर्षी आयर्विनला पाणी ५४ फुटांना टेकत आले होते आणि आमच्या जमिनीपासून ते कमरेच्या थोडे वर होते. तेव्हापासून घराचा एक नियम झाला : पावसाळ्यात जे भिजू द्यायचे नाही ते रेघेच्या वर एक हात. यजमान २०१३ मध्ये गेले, नियम राहिला. त्या रेघेच्या वर पाणी येणार नाही, असे भूगोलाच्या कोणत्या पुस्तकात लिहिले आहे, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नाही. उलट, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा यांतला फरक मी मुलांना समजावून सांगितला होता, परीक्षेतही विचारला होता. घरच्या रेघेला मात्र मी ते ज्ञान कधी लावले नाही, कारण ती कोणाच्या हातची होती हे मला माहीत होते.

आता ते सांगते जे मी कोणाला सांगितलेले नाही.

घराच्या मागच्या दोन खोल्यांत तेव्हा एक कुटुंब भाड्याने राहत होते. त्यातल्या बाईचे नाव लिहीत नाही. नवरा मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची हमाली करायचा, ती शिवणकाम करायची, मुलगी बारावीत होती. तिच्याकडे दोन मशिनी होत्या. एक जुनी पायमशीन आणि एक पिको-फॉलची, जिचे हप्ते नुकतेच फिटले होते. ४ ऑगस्ट २०१९, रविवार. तिचा भाऊ कुपवाडहून छोटा हत्ती घेऊन आला होता. तो बोळात उभा करून भाऊ आत आला आणि म्हणाला, सगळे आत्ताच भरू, उद्या गाडी मिळणार नाही. पावसाला खळ नव्हता. ध्वनिक्षेपकावरून नदीकाठच्या लोकांना स्थलांतराच्या सूचना दिल्या जात होत्या; त्या मला ऐकू येत होत्या. ती पदराला हात पुसत माझ्याकडे आली आणि तिने नेहमीचा प्रश्न विचारला, "बाई, काय करू? हलवू का?"

मी तिला जिन्याखाली नेले. रेघेवर हात ठेवला आणि म्हणाले, "दोन हजार पाचला इतके आले होते. त्याहून मोठा पूर आमच्या सासूबाईंनीही पाहिला नव्हता. याच्या वर एक हात ठेव, पुरे आहे. घरभर सामान ओढून पुन्हा आणायचे म्हणजे मशिनींचे हाल होतात." शेवटचे वाक्य मी का बोलले असेन? त्याची काही गरज नव्हती. तिच्या काळजीतलाच एक मुद्दा उचलून मी तिला पटवून दिले होते. भाऊ कुरकुरला. ती त्याला म्हणाली, "बाई म्हणाल्यात ना." तो रिकामी गाडी घेऊन परत गेला. गाडी बोळातून मागे घेताना येणारा तो आवाज मला अजून आठवतो, आणि मी दारातून त्याला "मागे डावीकडे खांब आहे, सांभाळ" असे सांगत होते तेही आठवते.

सोमवारी नवरा पलूसकडच्या गावी आईला आणायला गेला आणि तिकडचे रस्ते बंद झाले. मंगळवारी पाणी बोळात आले. आम्ही तिघींनी कॉटवर बाकडे चढवले, त्यावर दोन्ही मशिनी ठेवल्या, त्यांच्या बाजूला गौरी-गणपतीसाठी फॉल-पिकोला आलेल्या चाळीसेक साड्यांचे गाठोडे ठेवले. रेघेच्या वर एक हात भरला. मुलीने टेप लावून पाहिले होते. वरच्या दोन खोल्या तोपर्यंत आमच्या आणि शेजारच्या धान्याने, गाद्यांनी, भांड्यांनी भरल्या होत्या. मशीन जिन्यावरून न्यायला पुरुष माणूस लागला असता. वीज गेली. रात्री आम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो आणि बॅटरीच्या उजेडात रेघ पाहत राहिलो. पाणी रेघेला लागले तेव्हा मी म्हणाले, आता थांबेल. हे मी मोठ्याने म्हणाले. बुधवारी पहाटे रेघ दिसेनाशी झाली. त्यानंतर कॉट हलली, बाकडे कलंडले आणि पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. तो मोठा नव्हता. तिने तोंडावर हात ठेवला आणि मुलीने तिला धरले. मी त्यांच्यामागे दोन पायऱ्यांवर उभी होते आणि माझे हात मला कुठे ठेवावेत ते कळत नव्हते.

गुरुवारी, ८ ऑगस्टला, बोटीने आम्हाला बाहेर काढले. त्याच दिवशी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. निवारा केंद्रात ही बातमी आमच्या कानावर आली तेव्हा तिचा नवरा कुठे आहे हे आम्हाला माहीत नव्हते. इतकेच माहीत होते की तो पलूसकडे गेला आहे. पुढचे कित्येक तास ती एका जागी बसून होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही, आणि पाहिले असते तर मला सोसले नसते. नवरा सुखरूप होता. रात्री कोणाच्या तरी फोनवरून त्याचा निरोप आला. त्या वर्षी आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. २००५ पेक्षा तीन फुटांहून अधिक. आमचा नियम एक हाताचा होता.

चिखल काढताना पायमशीनचे लोखंडी पाय तेवढे कामाचे निघाले. साड्यांचे रंग एकमेकींत उतरले होते. त्या तिच्या नव्हत्या, गिऱ्हाइकांच्या होत्या, आणि तिने त्या दीड वर्ष थोडे-थोडे पैसे देऊन फेडल्या. मी नव्या मशीनचे पैसे देऊ केले. तिने अर्धेच घेतले, तेही उसने म्हणून, आणि पुढच्या दिवाळीला परत आणून दिले. मी रडून माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "बाई, तुम्ही काय मुद्दाम सांगितलंत का?" त्याऐवजी ती भांडली असती तर मला बरे वाटले असते. सप्टेंबरमध्ये ते कुटुंब कुपवाडला राहायला गेले.

त्यानंतर मी काय केले, तर मी पूर परिषदांना जाऊ लागले. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर बोलू लागले. ५१९.६० मीटरपर्यंत पाणी साठवणारे धरण, २०१० मध्ये कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या ब्रिजेशकुमार लवादाने ५२४.२५६ मीटरपर्यंत उंची वाढवायला दिलेली परवानगी, हिप्परगीचा बंधारा, मागे सरकणारा फुगवटा, हे सगळे मी नकाशा लावून मांडत असे आणि लोक टाळ्या वाजवत. २०२० मध्ये पुराची कारणे शोधायला सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल आला. त्याने पुराचे कारण अलमट्टीत न शोधता अतिवृष्टीत आणि पूररेषेतल्या अतिक्रमणांत दाखवले. मी त्या अहवालावर तुटून पडले. आजही मला तो पुरता पटलेला नाही, आणि २०२५ मध्ये उंचीचा प्रश्न पुन्हा पेटला तेव्हा महाराष्ट्राने विरोध केला ते योग्यच झाले असे मी मानते. पण माझ्या त्या भाषणांतला आवेश पाण्याच्या अभ्यासातून आलेला नव्हता, हे आता मला दिसते. पूर अलमट्टीने आणला असेल तर ती रिकामी गाडी मी परत पाठवली ही गोष्ट लहान होत होती. अलमट्टीची उंची कितीही असली तरी पाणी चढत असताना एका बाईने मला "हलवू का" असे विचारले होते आणि हलवायला गाडी दारात उभी होती.

तेव्हाची मी आजच्या मला अडवते. ती म्हणते, तुझ्या हातात होती ती माहिती तू दिलीस; ५७ फूट कोणाला दिसले होते? तिचे म्हणणे मला खोडता येत नाही. पण ५७ फूट दिसत नसतानाही त्या बाईच्या भावाला गाडी आणावी असे वाटले होते, आणि त्याने शाळेत भूगोल शिकवला नव्हता. या वादात मी अजून कोणाच्याच बाजूने निकाल देऊ शकलेले नाही.

आता घराकडे येते. विकायचे ठरवले नव्हते असे नाही. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या जवळ गेले. तेव्हा मी कोणाला काही न विचारता आणि कोणाला काही न सांगता, आकडा अडतीसवर असतानाच मिरजेला बहिणीकडे निघून गेले. परतल्यावर चौथ्यांदा भिंती धुतल्या आणि मुलाला फोन करून सांगितले, गिऱ्हाईक बघ. २०२२ मध्ये एक आले. विट्याकडचे कुटुंब, तरुण नवरा-बायको, कडेवर मूल. सांगलीत बदली झाली होती, पुराचे ऐकले होते, पण पाहिलेले नव्हते. मध्यस्थ एक दिवस आधी येऊन मला सांगून गेला होता की जिन्याखालची भिंत रंगवून घ्या, रेघेच्या वरचा २०१९ चा डागही जाईल, हल्ली सगळेच तसे करतात. रंगाचा डबाही त्याने स्वतःच आणून ठेवला होता. मी तो उघडला नाही.

त्या मुलीने घर पाहिले. जिना पाहिला. मग भिंतीपाशी उभी राहिली आणि मूल या कडेवरून त्या कडेवर घेत तिने मला विचारले, "काकू, पाणी कुठवर येतं इथं?"

मी तिला रेघ दाखवली, रेघेच्या वरचा डाग दाखवला, आणि म्हणाले, पुढच्या वेळी कुठवर येईल ते मला सांगता येणार नाही. मध्यस्थ माझ्याकडे पाहत राहिला. ती दोघे चहा घेऊन गेली आणि पुन्हा आली नाहीत. त्यानंतर आणखी दोन गिऱ्हाइके आली, त्यांच्याशीही असेच झाले. त्यांच्यानंतरच्या एकाने डाग पाहूनही घ्यायची तयारी दाखवली. त्याला त्यात कामगारांना खाटेच्या हिशेबाने ठेवायचे होते, आठ-दहा परगावचे मुलगे, ज्यांना आयर्विन कुठे आहे हेही माहीत नसते. त्याला मी नाही म्हटले.

तर तुम्ही विचारलेत म्हणून सांगते. मी घर सोडत नाही, कारण ते सोडायचे तर कोणाला तरी द्यावे लागेल. आणि ज्याला परवडते तो घेत नाही. जो घेईल तो एक तर भिंत रंगवून दुसऱ्याच्या गळ्यात मारील, नाही तर ज्यांना काही माहीत नाही अशांना तिथे झोपवील. बंद करून ठेवावे, असे मुलगा म्हणतो. पेन्शनमधून दुसरीकडे भाडे भरून हे घर बंद ठेवणे जमेल का, याचा हिशेब मी मांडून पाहिला आहे. दोन वर्षे जमेल. त्यापलीकडे मला नदी लागते, सकाळी माई घाटावर जाऊन बसायला लागते, आणि त्या रेघेवर ज्या माणसाचे अक्षर आहे त्याच्यापासून लांब राहवत नाही. ही कारणे दुबळी आहेत हे मला कळते. मुलगा म्हणतो की आई, तू शिक्षा भोगत बसली आहेस आणि तिला जबाबदारी म्हणतेस. तसेही असेल. मी नाही म्हणत नाही. मात्र मागच्या खोल्या मी पुन्हा भाड्याने दिलेल्या नाहीत, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात कागदपत्रे, औषधे आणि यजमानांची हत्यारांची पेटी मी वरच्या मजल्यावर नेते. रेघेचा हिशेब न करता सरळ वर.

बोळातले लोक अजून उंबऱ्याशी येतात. मी त्यांना सांगते की गाडी मिळत असेल तर आजच भरा. काहींना ते पटत नाही. दोनदा लोकांनी सामान हलवले आणि पाणी बोळाच्या अलीकडेच थांबले, तेव्हा माझ्या नावाने बोटे मोडली गेली.

दरवर्षी कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आली की कुपवाडहून तिचा फोन येतो. मुलगी आता नर्स झाली आहे, घरी तीन मशिनी आहेत, दोन बायका हाताखाली आहेत. तिच्या घरापर्यंत कृष्णेचे पाणी येण्याचा प्रश्नच नाही, तरी ती फोन करते. आधी प्रकृती विचारते, मग थोडे थांबते आणि विचारते, "बाई, आयर्विनला किती?"

मी आकडा सांगते. त्यापुढे काही सांगत नाही.